साचा कोणाचा?



मराठीत ‘साचा’ या शब्दाला फारशी अब्रू नाही. कविता साचेबद्ध झाली की कवी संपला, भाषण साचेबद्ध झालं की श्रोते घड्याळाकडे बघू लागतात (ते आजही बघतील, माझी हरकत नाही). साच्यातून बाहेर पडणं म्हणजे मोकळं होणं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. हमरापुरात मात्र हा शब्द उलटा चालतो. पनवेल-रोहा मार्गावर जिते आणि पेण यांच्यामधलं हे गाव, शेजारचं जोहे आणि आजूबाजूची वस्ती गणपतीच्या मूर्तींवर उभी आहे, आणि इथे साचा ही दौलत आहे. ज्याच्याकडे स्वतःचे साचे तो कारखानदार. ज्याच्याकडे नाहीत तो कितीही हुशार असो, रोजावर नाही तर नगावर काम करतो. साच्याबाहेर असणं याचा इथला अर्थ मोकळं असणं असा होत नाही. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या साच्यावर राबणं. आजच्या विषयाकडे मी या शब्दावरून येतो आहे, कारण अनेक वर्षांची नोकरी गेल्यावर माणसाला निर्मितीचं स्वातंत्र्य सापडतं का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या शब्दाच्या हमरापुरी अर्थात दडलेलं आहे.

नोकरी गेलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक हळहळतात, दुसरे अभिनंदन करतात. दुसऱ्यांचं म्हणणं असं की झालं ते बरं झालं, वीस वर्षं घाण्याला जुंपला होतास, आता मनासारखं काहीतरी कर. तुझ्या हातात कला आहे. या बोलण्यात माया असते, पण एक मोठं गृहीतही असतं. नोकरी हा बांध आहे, बांध फुटला की आत अडलेलं पाणी वाहू लागणार, असं ते गृहीत. खाडीकाठच्या खारेपाटातल्या माणसांना बांध फुटल्यावर काय होतं हे वेगळं सांगायला नको. भरतीचं पाणी शेतात शिरतं, आणि ते शेत भाताला पुन्हा लायक व्हायला काही पावसाळे जातात. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: नोकरी जाण्याने माणूस सुटा होतो, स्वतंत्र होत नाही. ज्यांना स्वातंत्र्य लाभलं असं आपण मानतो त्यांच्या हातात नोकरी जाण्याआधीच स्वतःचं काम होतं, आणि पुढची वर्षं काढायला कोणीतरी पदरचे दिवस आणि पैसे दिले होते. हे दोन्ही नसेल तर मोकळा वेळ हा नुसता रिकामा वेळ असतो.

पुराव्यासाठी सगळ्यात ठळक उदाहरण घेऊ. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार थांबवा नाहीतर जागा सोडा, अशी वेळ आल्यावर 1925 साली त्यांनी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. वय त्रेचाळीस. दोन वर्षांनी, जुलै 1927 मध्ये, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि ऑक्टोबर 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं एका माणसाने कोणाचीही भीड न धरता लिहिलं आणि छापलं. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात असं स्वातंत्र्य फार थोड्यांनी भोगलं आहे. वरवर पाहता ही ‘नोकरी गेली आणि वाट मोकळी झाली’ अशीच गोष्ट वाटते. पण सनावळी नीट लावून पाहा. त्यांचं संततिनियमन केंद्र मुंबईत सुरू झालं 1921 साली, नोकरी जाण्याच्या चार वर्षं आधी. ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं 1923 साली, दोन वर्षं आधी. म्हणजे नोकरी गेली म्हणून काम सुरू झालं, हा क्रम चुकीचा आहे. काम सुरू होतं म्हणून नोकरी गेली. कॉलेजने त्यांना मोकळं केलं नाही. ते मोकळे झालेच होते, कॉलेजने फक्त पगार थांबवला. आणि त्या पगाराच्या बदल्यात पुढे काय मिळालं? अश्लीलतेचे खटले. 1931 साली दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. या सगळ्यात पत्नी मालतीबाईंची साथ होती आणि मूल होऊ न देण्याचा दोघांनी मिळून घेतलेला निर्णय होता. त्या निर्णयामागे तत्त्व होतं हे खरं, पण तुटपुंज्या मिळकतीचं मासिक सव्वीस वर्षं रेटायला तो उपयोगी पडला असणार, असं मला वाटतं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचाही क्रम तोच आहे. ‘निबंधमाला’ सुरू झाली जानेवारी 1874 मध्ये, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. रत्नागिरीला झालेल्या बदलीमागे मालेतली टीका होती असं मानलं जातं. 1879 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. आपण राजीनाम्याचा प्रसंग रंगवून सांगतो. त्याआधी पाच वर्षं शाळा सांभाळून दरमहा निबंध लिहिणारा माणूस सांगत नाही, कारण रोजचं काम गोष्टीत चांगलं दिसत नाही. दादासाहेब फाळके तर दोनदा सुटे झाले. पुरातत्त्व खात्यात ते छायाचित्रकार होते, ती नोकरी त्यांनी सोडली. पुढे भागीदारीतला छापखाना सोडला. चाळिशी आलेली, हातात काही नाही. तरी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पण हातात काही नव्हतं असं म्हणताना आपण हात बघायला विसरतो. जे. जे. मधलं आणि बडोद्याच्या कलाभवनातलं शिक्षण, छायाचित्रण, शिळाछापाचं तंत्र, जादूचे प्रयोग, हे सगळं त्या हातात आधीपासून होतं. विलायतेला जाऊन यंत्रसामग्री आणायला पैसा उभा राहिला तो विम्याच्या पॉलिसीवर. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल रोज थोडा थोडा टिपून ‘अंकुराची वाढ’ हे चित्र दाखवलं. आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, त्यांनी फिल्मला भोकं पाडायचं काम शिकून घेतलं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. भारतीय चित्रपटाच्या जनकाचं स्वातंत्र्य ज्या खात्यातून खर्ची पडलं ते खातं त्यांच्या नावावर नव्हतं, एवढं तरी नोंदवायला हवं.

इथे कोणीतरी म्हणेल की तुम्ही थोर माणसं निवडलीत, आणि थोरांच्या उदाहरणावरून साध्या माणसाचा नियम काढता येत नाही. आक्षेप बरोबर आहे. म्हणून आता अडीच लाख माणसांकडे जाऊ. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या संपात आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांत जेवढ्या माणसांची वर्षानुवर्षांची नोकरी एकदम गेली, तेवढी मराठी माणसांच्या इतिहासात क्वचितच गेली असेल. त्यांतली फार मोठी संख्या आपल्या कोकणातली होती. नोकरी म्हणजे बांध आणि बांध फुटला की निर्मिती, हा नियम खरा असता तर 1982 नंतरची दहा-पंधरा वर्षं कामगारांच्या कलेची सुगी ठरायला हवी होती, कारण या माणसांकडे कला नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही. नमन, दशावतार, शक्ती-तुरा, भजन, नाटक, कुस्ती, काय नव्हतं त्यांच्याकडे? पण नोकरी गेली तेव्हा तिच्याबरोबर गाळा सुटला, खाणावळ बंद झाली, तालमीला जमणारी मंडळी पांगली. कोणी पहारेकरी झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी परतला. त्या पडझडीवरचं मोठं नाटक, जयंत पवारांचं ‘अधांतर’, रंगमंचावर आलं 1997 साली, आणि ते लिहिलं गिरणगावात वाढलेल्या पुढच्या पिढीने. ज्याची नोकरी गेली त्याला सूर सापडला नाही. सापडला तो मुलाच्या पिढीला, पंधरा वर्षांनी.

आता त्याच गिरणगावाचं आधीचं चित्र पाहा. परळचं दामोदर नाट्यगृह म्हणजे कामगार रंगभूमीचं घर. ते बांधलं सोशल सर्व्हिस लीगने. ही संस्था 1911 मध्ये स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी आपल्याच रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. नाट्यगृहाचं साल 1922. त्याच साली सुधारलेला कारखाना कायदा अमलात आला आणि दिवसाचे कामाचे तास अकरावर, आठवड्याचे साठावर आले. त्याआधीच्या 1911 च्या कायद्यात कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा होता. ही दोन सालं एक आली हा योगायोग असेल, पण बोलका आहे. 1934 ला साठाचे चोपन्न झाले, 1946 च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. कामगाराला तालमीची संध्याकाळ मिळाली ती अशी, तासातासाने, नोकरी टिकवून. नारायण सुर्वे याच जगातून आले. गिरणीत काम केलं, पालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चा, ‘माझे विद्यापीठ’ 1966 चा. पोटाची सोय आणि कविता त्यांच्याकडे शेजारी शेजारी राहिल्या. खरं सांगायचं तर मराठी साहित्याचा बराच मोठा भाग पगारी माणसांनी लिहिला आहे: मर्ढेकर आकाशवाणीत, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात, आणि शाळामास्तरांची तर मोजदादच नको.

यावर एक हट्टी आक्षेप उरतो, आणि तो मला हलक्याने घ्यायचा नाही. पगाराची ऊब माणसाला आळशी करते. ढकलल्याशिवाय तो पाण्यात पडत नाही. कर्व्यांनी आधी पुस्तक लिहिलं हे ठीक, पण प्राध्यापकी राहिली असती तर सव्वीस वर्षांचं मासिक झालं असतं का? बहुधा झालं नसतं. ढकलल्याने माणसाचा सगळा दिवस एका कामाला लागतो, हे मान्य. पण पोहता येणाऱ्यालाच ढकललं तर तो पोहतो. संपाच्या वेळी अडीच लाख ढकलले गेले. जे बुडाले त्यांच्यात धमक नव्हती असं म्हणायला जीभ कशी वळेल? वर आलेल्या दोघा-चौघांना पाहून पाण्याला श्रेय देण्याची आपल्याला सवय आहे.

आता हमरापुरात या. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, शेजारच्या रोहा तालुक्यात नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स आहे, आणि कंत्राटी कामावरून घरी बसवलेला माणूस कुठल्याही गावात सापडतो. शेकडो कारखाने मूर्तींचे असल्याने अशा माणसाला निदान दुसऱ्या दिवशी काम तरी मिळतं: काथ्या घालून प्लास्टर ओतणं, साच्यातून मूर्ती काढणं, जोड बुजवणं, पॉलिश पेपर मारणं. हे मोठंच आहे. अनेक गावांना एवढंही नाही. पण त्याला कलेचं स्वातंत्र्य म्हणण्याआधी कारखान्यातल्या कामाची उतरंड बघितली पाहिजे. वर आहे मॉडेल करणारा, जो मातीत पहिली मूर्ती घडवतो आणि जिच्यावरून रबरी साचा निघतो. मग साच्याचा मालक. मग रंगकाम, आणि त्यातही डोळ्यांची आखणी, जिला वर्षांचा हात लागतो. या कामात बायकांचा वाटा मोठा आहे. खाली नगावरचं काम. नव्याने आलेला माणूस शेवटच्या पायरीवर उभा राहतो, आणि तिथून दिसणारी मोकळीक कारखान्याच्या पाळीपेक्षा फारशी वेगळी नसते. नोकरीतही साचा दुसऱ्याचा होता, इथेही दुसऱ्याचाच आहे.

काही कलासमीक्षक इथे म्हणतील की साच्यातली मूर्ती ही निर्मितीच नव्हे; हजार एकसारख्या मूर्ती म्हणजे उद्योग, त्यात स्वातंत्र्य शोधणं हीच चूक. मला हे पटत नाही. छापील पुस्तकाच्याही हजार प्रती एकसारख्या असतात, तरी आपण लेखकाला विचारतो, मजकूर तुझा का? साच्याबद्दलही विचारायचा प्रश्न तोच आहे. ज्याने बैठक ठरवली, सोंडेचं वळण ठरवलं, पितांबराची चुणी कुठे मोडायची ते ठरवलं, त्याची ती मूर्ती. मग ती हजार घरांत गेली तर बिघडलं कुठे? कोकणात घराघरांतून मूर्तिकाराकडे पाट द्यायची रीत आहे. ज्याच्याकडे पाट येतो त्याच्यावर घराच्या आवडीनिवडीचं, परंपरेचं, किमतीचं बंधन असतं, आणि त्या बंधनातच त्याचा हात ओळखला जातो. उलट कारखान्यातून रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती गाड्या भरून दुसऱ्या शहरांत जातात आणि डोळे तिथे आखले जातात, तेव्हा व्यापार वाढतो पण मूर्तीवरचा शेवटचा शब्द गावाबाहेर जातो. स्वातंत्र्य कुठे वाढतं आणि कुठे गळतं ते इतकं बारीक असतं.

स्वतःचे साचे असलेल्या कारखानदारालाही नोकरी गेल्यासारखं केव्हा वाटतं, ते मागच्या काही वर्षांनी दाखवून दिलं. मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. केंद्र सरकारने ती वर्षभर पुढे ढकलली. त्याच जुलैत, मूर्ती तयार झाल्यावर, करोनामुळे सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुतीला दोन फुटांची मर्यादा आली. 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे पाळण्याचा आदेश दिला, आणि 9 जूनला मूर्ती बनवायला परवानगी दिली. नैसर्गिक जलाशयातल्या विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. त्या वर्षी चतुर्थी होती 27 ऑगस्टला. आदेश आणि परवानगी यांच्यामधले चार महिने म्हणजे हंगामाचा ऐन गाभा. तेव्हाही शहरातून तोच दिलासा आला: बरं झालं, प्लास्टर सुटेल, शाडूकडे वळा, कला परत येईल. नदी-खाडीच्या पाण्याची काळजी खरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘वळा’ या एका शब्दात सगळं उरकण्याशी. शाडू गुजरातहून येतो, जड असतो, पावसाळी हवेत वाळायला वेळ घेतो, वाहतुकीत तडकतो. प्लास्टर रबरी साच्यात ओततात. शाडू दाबून भरायचा तर साच्याचाच प्रकार बदलतो. म्हणजे जमा केलेली सगळी दौलत एका आदेशाने अडगळ ठरते, आणि ती पुन्हा उभी करायला लागणारे दिवस कोणी द्यायचे ते आदेशात लिहिलेलं नसतं.

आपल्याला या दिवसांचा हिशेब करता येतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामावरून कमी केलेल्या कामगाराला पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून ठरवला. वीस वर्षं काम केलेल्याला म्हणजे तीनशे दिवस, साधारण दहा महिने. हमरापुराच्या भाषेत सांगायचं तर दसऱ्यापासून गणपतीपर्यंत, एक हंगाम. एका हंगामात माणूस ओतकाम आणि घासकाम शिकतो. आखणीला हात बसत नाही, मॉडेल तर दूरच. आणि कंत्राटी माणसाला, ज्याची वर्षं सलग धरलीच जात नाहीत, हा एक हंगामही बहुधा मिळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांचा समावेश आहे: प्रशिक्षणाच्या दिवसांना रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. शिकण्याच्या दिवसाला रोज लावला, ही या योजनेतली मला सर्वात शहाणपणाची वाटलेली गोष्ट आहे; पण प्राथमिक प्रशिक्षण आठवडाभराचं. त्यात हात बसणार कसा?

कोणी म्हणेल, एवढा हिशेब मांडून तुम्ही नोकरी गेलेल्या माणसाची उमेदच मारता. उमेद मारायची असती तर मी त्याला शुभेच्छा देऊन मोकळा झालो असतो. मी म्हणतो ते असं: नोकरी चालू आहे तेव्हाच आपला एखादा साचा करायला घ्यावा, आणि ते करता येईल एवढे तास नोकरीने सोडावेत यासाठी भांडावं, जसं 1922 पर्यंत आणि त्यानंतर गिरणगाव भांडलं. आणि ज्याची गेलीच आहे त्याच्यासाठी गावाने एक काम करावं. अनंत चतुर्दशी झाली की कारखाने थंड पडतात. नवा हंगाम लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत जुनी, जाणती मॉडेल करणारी माणसं गावात असतात, माती असते, जागा मोकळी असते. नवं मॉडेल घडवायला दुसरा काळ नाही. त्या दिवसांत मॉडेल करायला बसणाऱ्या नवख्या माणसाचा रोज कोणी भरायचा, कारखानदारांनी, ग्रामपंचायतीने की सोसायटीने, आणि त्यातून निघालेला साचा कोणाच्या नावावर राहील, हे दोन ठराव आधी लिहून घ्यायला हवेत.